तेरा तारखेपासून बरं चालतं

"साहेब, तुमचं मशीन बारा तारखेपर्यंत माझ्यावर खार खाऊन असतं. तेरापासून बरं चालतं." तालुक्याच्या गावातल्या एका पतसंस्थेत, २०११ च्या डिसेंबरात, पिग्मी गोळा करणाऱ्या एका काकांनी मला हे ऐकवलं. मॅनेजर हसले. कॅशियर बाईंनीही मान खाली घालून हसून घेतलं. काकांच्या खांद्याला रेक्झिनची काळी बॅग, बोटांना दिवसभर हाताळलेल्या नाण्यांचा वास, आणि चेहऱ्यावर विनोद केल्याची खूण नावालाही नाही. मला बोलावलं होतं ते भलत्याच कामासाठी. पासबुक छापणारा प्रिंटर दर पानावर एक ओळ खाली सरकत होता. ते काम लवकर उरकलं, चहा झाला, बॅगेची चेन लावली, पण काकांचं बोलणं काही केल्या डोक्यातून जाईना. संगणकाला तारीख कळते, ठीक आहे. पण बारा आणि तेराच्या मध्ये ही रेघ कोणी मारली? मी बॅग पुन्हा खाली ठेवली आणि म्हटलं, काका, जरा बसा.

प्रकरण असं होतं. सप्टेंबरअखेर आधीच्या प्रोग्रॅमरने 'एजंटवार दैनिक वसुली' नावाचा नवा रिपोर्ट बसवून दिला होता आणि मग तो पोरगा नोकरी धरून पुण्याला गेला. रोज संध्याकाळी एजंटचं चलन आणि हा रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवायचा आणि जुळलं की टिक करायची, अशी नवी पद्धत पडली. ऑक्टोबर लागला आणि काकांचा आकडा जुळेना. दुसरे एजंट होते ते एका संचालकांचे मेहुणे. त्यांचा आकडा चुकला तर संगणकाची चूक, काकांचा चुकला तर काकांची. त्यातही गंमत अशी की संगणक काकांच्या चलनापेक्षा कमी दाखवायचा तेव्हा कोणी काही बोलत नसे, जास्त दाखवायचा तेव्हा मात्र फरक कमिशनमधून कापला जाई. आधीच्या प्रोग्रॅमरने फोनवरून कंट्रोल पॅनलमधली तारखेची पद्धत बदलायला सांगितली होती. बदलली, फरक पडला नाही. मग सगळ्यांनी मनाशी धरलं की काका आता वयानं विसरतात.

काका विसरत नव्हते. त्यांनी बॅगेतून एक डायरी काढली, खताच्या दुकानातून भेट मिळालेली, कोपरे मऊ पडलेली. जानेवारीपासून रोजची तारीख आणि रोजची वसुली, निळ्या शाईत, एकही दिवस न गाळता. ऑक्टोबरपासून त्यांनी तिसरा रकाना पाडला होता आणि वर लिहिलं होतं, 'मशीन काय म्हणते'. मी ऑक्टोबरच्या पानांवरून बोट फिरवत गेलो. एकपासून नऊपर्यंत फुल्या. दहाला टिक. अकरा आणि बाराला मशीन शून्य म्हणते. पुढे सगळ्या टिका. नोव्हेंबर काढला. एक ते दहा फुल्या, अकराला टिक, बाराला शून्य. डिसेंबरात अकरापर्यंत फुल्या, बाराला टिक. म्हणजे १०/१०, ११/११, १२/१२. ज्या दिवशी तारीख आणि महिना सारखा, त्या दिवशी भांडण मिटलेलं. माझ्या मानेवर काटा आला, तो भीतीचा नव्हता. मी ४ नोव्हेंबरवर आलो. काकांची वसुली १,८६५, मशीन म्हणते २,३४०. डायरी मागे चाळत ११ एप्रिलचं पान काढलं. काकांच्याच अक्षरात, त्याच निळ्या शाईत: २,३४०.

कॅशियर बाई उठून मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी आणखी दोन तारखा स्वतःच पडताळून पाहिल्या.

ज्यांनी व्हीबी सिक्स ही प्रोग्रॅम लिहायची जुनी भाषा आणि ॲक्सेस हा डेटा साठवणारा प्रोग्रॅम, या जोडीवर उमेदीची वर्षं काढली, त्यांना एव्हाना कळलं असेल. क्वेरीच्या, म्हणजे डेटा मागण्याच्या, मजकुरात तारीख दोन हॅश (#) चिन्हांच्या मध्ये लिहिली की ॲक्सेसचं इंजिन, म्हणजे डेटा शोधून देणारा त्याचा भाग, ती अमेरिकी पद्धतीनं वाचतं, आधी महिना आणि मग दिवस. विंडोजमध्ये तुम्ही भारतीय पद्धत ठेवा नाहीतर आणखी कुठली, इथे त्याचा उपयोग नाही. म्हणून ४ नोव्हेंबर मागितला की ११ एप्रिल मिळणार, आणि १२ नोव्हेंबर मागितला की ११ डिसेंबर, जो अजून उगवलाच नाही, म्हणून शून्य. इथवर सरळ आहे. खरी मेख पुढे आहे. १३/११ आलं की इंजिनाला तेरावा महिना सापडत नाही. अशा वेळी त्यानं ओरडायला हवं. ते ओरडत नाही. 'यांना तेरा तारीख म्हणायची असेल' असं समजून निमूटपणे उलटं वाचतं आणि बरोबर उत्तर देतं. हा समजूतदारपणा मला चुकीपेक्षा जास्त घातक वाटतो. तेराव्या तारखेला एरर आली असती तर पहिल्याच महिन्यात निकाल लागला असता. रिपोर्ट जानेवारीत सुरू झाला असता तरी निभावलं असतं. जानेवारीत दोन ते बारा तारखांना पुढचेच महिने मागितले जातात, अकरा दिवस नुसती शून्यं दिसली असती आणि शेंबड्या पोरालाही बिघाड कळला असता. ऑक्टोबर ते डिसेंबर हेच महिने असे की उलटी तारीख बहुतेकदा मागे पडते, आणि मागच्या तारखेला खरेखुरे, विश्वास बसावा असे आकडे असतात.

दुरुस्ती एका ओळीची होती.

त्या ओळीनंतरचं काम मात्र अंगावर आलं. कमिशनमधून कापलेले पैसे परत द्यायचे तर संचालक मंडळापुढे काहीतरी कागद हवा, म्हणून मॅनेजरनी मला एक पानी खुलासा लिहायला सांगितला. 'मानवी चूक' असं लिहा, म्हणाले, सोपं पडेल. मी विचारलं, कोणत्या मानवाची? ते गप्प बसले. मग मी ४/११ आणि ११/४ ची जोडी, दोन्ही आकडे, असा तक्ताच मांडला आणि 'संगणकाच्या प्रणालीतील दोष' असं लिहून सही केली. पैसे परत मिळाले, 'इतर देणी' या सदरात. काकांना कोणी काही म्हटल्याचं माझ्या कानावर आलं नाही, म्हणजे दिलगिरीचं. मला त्या दिवशी आनंद झाला होता हे खरं, असा धागा हाताला लागल्याचा आनंद या धंद्यात फार वेळा मिळत नाही. पण त्या आनंदाच्या शेजारी एक म्हातारा माणूस अडीच महिने स्वतःच्या हिशेबावर शंका न घेता, पुरावा जमवत, एकटा बसलेला होता. मी त्याच्या डायरीतून नुसतं वाचून दाखवलं. पुढे काही महिन्यांनी गेलो तेव्हा तिसरा रकाना अजून चालू होता. "असू द्या," म्हणाले.

आमच्या धंद्यात माणूस पहिला प्रश्न विचारतो तो 'काय झालं?' हा. एरर काय आली, नंबर काय, बॉक्समध्ये काय लिहिलं होतं. हे नंबर पाठ होतात. एक्क्याण्णव म्हणजे ऑब्जेक्टच नाही आणि तुम्ही त्याला काम सांगताय. तेरा म्हणजे आकड्याच्या जागी अक्षरं. चारशे एकोणतीस म्हणजे गिऱ्हाइकाच्या मशीनवर एखादी फाइल रजिस्टर झालेली नाही, आता रेगएसव्हीआर ही नोंदणीची आज्ञा चालवा. नंबर आला की उत्तर अर्धं हातात असतं. पण ज्या तक्रारींनी माझी झोप घालवली त्यांतल्या बहुतेकांना नंबरच नव्हता. तिथे कामाला येतं ते 'केव्हा', आणि ते फक्त समोर बसणाऱ्याला माहीत असतं. अडचण एवढीच की तो ते कोरडं सांगत नाही. त्याला स्वतःची एक उपपत्ती जोडून सांगतो. मशीन खार खातं, मशीन तापतं, अमुक बाईंचा हात लागला की बिघडतं. आपण उपपत्तीला हसतो आणि त्या हसण्यात 'केव्हा' हातचं जातं.

एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये तक्रार होती की एसी बंद केला की प्रोग्रॅम बंद पडतो. तिथे रुग्णांची यादी दाखवणारा एक पडदा होता, दर चार सेकंदांनी ताजा होणारा. संध्याकाळी त्याच्या जागी पांढरा चौकोन आणि त्यावर लाल फुली यायची, मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटवर लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये चित्र काढतानाच गडबड झाली की येते तशी. एसी सातला बंद व्हायचा, फुलीही सातच्या सुमारास यायची. बिचाऱ्यांनी काही दिवस विजेचं बिल सोसून एसी रात्रीपर्यंत चालू ठेवून पाहिला, तरी फुली आलीच. विंडोज एका प्रोग्रॅमला साधारणपणे १०,००० जीडीआय हँडल्स, म्हणजे पडद्यावर चितारायच्या वस्तूंचे बिल्ले, देतं. फाँट, ब्रश, चित्र, प्रत्येकाला एकेक. इथला प्रोग्रॅम प्रत्येक वेळी चित्राचं एक हँडल घेत होता आणि परत करत नव्हता. चार सेकंदांना एक म्हणजे तासाला ९००, सकाळी आठला दुकान उघडलं की अकरा तासांत कोटा संपला. टास्क मॅनेजरमध्ये जीडीआय ऑब्जेक्ट्सचा रकाना आपणहून दिसत नाही, निवडून आणावा लागतो. तो आणला आणि आकडा चढताना पाहत आम्ही सगळे उभे राहिलो. आमच्या ऑफिसात हे कधीच दिसलं नसतं, कारण प्रोग्रॅमर आपला प्रोग्रॅम अकरा तास चालू ठेवत नाही. दर पाच मिनिटांनी बंद करून पुन्हा चालवतो. 'माझ्या मशीनवर चालतंय' हे आमचं जगप्रसिद्ध वाक्य बहुधा खरंच असतं. माझ्या मशीनवर संध्याकाळ होत नाही.

'नॉट रिस्पॉन्डिंग'चं तसं नाही, ते सगळ्यांना दिसतं. खिडकी पांढुरकी होते, वर ते दोन शब्द येतात, आणि लोक समजतात की प्रोग्रॅम मेला. बहुतेकदा तो मेलेला नसतो. काउंटरवर एकच माणूस आहे आणि तोच आत गोदामात माल मोजायला गेलाय, इतकंच. पडदा रंगवणं, क्लिक ऐकणं, बटण दाबलेलं दाखवणं हे सगळं एकाच धाग्यावर (थ्रेडवर), म्हणजे कामाच्या एकाच ओळीवर, चालतं, आणि प्रोग्रॅमरने त्याच धाग्याला पन्नास हजार नोंदींची बेरीज सांगितलेली असते. पाच सेकंद त्यानं निरोप उचलले नाहीत की विंडोज ती पाटी लावतं. त्या पाच सेकंदांत घाईतला माणूस 'सेव्ह'वर चार वेळा क्लिक करतो. त्या क्लिक कुठे जात नाहीत, रांगेत थांबतात, आणि धागा मोकळा झाला की एकामागून एक अमलात येतात. एका गिऱ्हाइकाच्या नावानं चार पावत्या निघण्यामागे बऱ्याचदा हेच असतं. काम दुसऱ्या धाग्यावर पाठवावं हा खरा उपाय. पण बाकी काही जमत नसेल तर क्लिक मिळाल्या मिळाल्या बटण बंद करून पडद्यावर रंगवून घ्यावं, आणि क्लिकांची रांग उपसून मगच ते पुन्हा उघडावं. हे मी नव्या पोरांना अजून सांगतो आणि ती अजून विसरतात.

एक प्रकरण मात्र आठवलं की अजून बरं वाटत नाही. औषधांचं घाऊक दुकान, जुनी एक्सपी मशीनं जाऊन विंडोज सेव्हन आलेलं. सकाळी मालक स्वतः एंट्री करायचे, दुपारी एक बाई बसायच्या. बाईंनी केलेल्या एंट्र्या दुसऱ्या दिवशी सकाळी गायब. मालकांनी फोनवर मला सांगितलं ते शब्द असे: "तिचा हात लागला की डेटा उडतो." बाई तिथेच उभ्या असाव्यात, कारण मागून "मी सेव्ह केलं होतं" असं ऐकू आलं. मी गेलो तेव्हा त्या दुपारच्याच पाळीत होत्या. त्यांनी एकच गोष्ट सांगितली, पण नेमकी: "मी बसते तेव्हा माझ्या सगळ्या एंट्र्या दिसतात. सरांच्या दिसत नाहीत." मालकांना ही फिरवाफिरव वाटत होती. पण हे वाक्य खरं धरलं तर डेटा उडत नव्हताच. दोघांचे डेटा दोन होते.

झालं होतं तसंच. मशीन नवं आल्यावर दोघांची विंडोजची लॉगिनं वेगळी केली होती, आणि जुना प्रोग्रॅम आपली डेटा फाइल शेजारीच, प्रोग्रॅम फाइल्समध्ये ठेवायचा. व्हिस्टा या विंडोजच्या आवृत्तीपासून त्या फोल्डरात साध्या हक्कांनी लिहिता येत नाही. जुने प्रोग्रॅम एकदम कोसळू नयेत म्हणून विंडोज एक युक्ती करतं. लिहू देतं, पण खरी जागा न देता प्रत्येकाच्या खात्यात, ॲपडेटाच्या आत व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या फोल्डरात त्या फाइलची खासगी प्रत करून देतं. प्रोग्रॅमला वाटतं आपण मूळ फाइलच उघडली. ॲपडेटा तर एरवी लपवलेलंच असतं. तिथे बाईंची फाइल सापडली, तीन आठवड्यांच्या सगळ्या एंट्र्यांसह, बॅच नंबर आणि एक्स्पायरीच्या तारखांसकट. मालकांची त्यांच्या खात्यात. मग मी मूळ फाइल पाहिली. ती प्रोग्रॅम बसवला त्या दिवशी होती तशीच होती, कारण तिला कोणी हातच लावला नव्हता. आणि मालक दर शनिवारी पेनड्राइव्हवर बॅकअप घेत होते तो नेमका तिचा. न चुकता, तारखेचं फोल्डर करून, दर आठवड्याला तीच रिकामी फाइल. ते पेनड्राइव्ह हातात घेऊन बराच वेळ काही बोलले नाहीत. दोन्ही फाइली एकत्र करायला रात्र झाली. बाईंना थांबवून घेतलं होतं, कोणती एंट्री कोणाची ते सांगायला. त्यांना घरी सोडायला मालक स्वतः गाडी घेऊन गेले, यात मी समाधान मानून घेतो.

समोर दिसणारे बिघाड त्या मानाने दयाळू. व्हीबी सिक्सच्या चौकटीत युनिकोड मराठी नाव टाकलं की '?????' दिसायचं. त्या चौकटी विंडोजच्या जुन्या कोडपेजवर, म्हणजे ठरावीक अक्षरांच्याच तक्त्यावर, चालतात आणि देवनागरीला असं कोडपेज विंडोजनं कधी दिलंच नाही. कोणालाही पहिल्या क्षणी कळे की हे चाललेलं नाही. निमूट 'सेव्ह' केलं तर मात्र फाइलीत खरीखुरी प्रश्नचिन्हंच जाऊन बसतात आणि मूळ नाव कुठल्याच उपायानं परत येत नाही. याउलट 'ऑन एरर रिझ्युम नेक्स्ट' ही एक ओळ. चूक झाली तरी पुढे चला. ती ज्या प्रोग्रॅमच्या प्रत्येक प्रोसीजरच्या, म्हणजे कोडाच्या दर तुकड्याच्या, माथ्यावर असते तिथे एररची चौकट कधीच येत नाही, आणि मालक कौतुकानं सांगतात, आमचं सॉफ्टवेअर एकदम स्टेबल आहे. अशा दुकानात शिरताना मी आधी विचारतो, कोणी इथे स्वतःची वही ठेवतं का? हल्ली कोणी ठेवत नाही.

आणि आपण समोर जाऊन बसलो की बिघाड पळतो, हेही आहेच. ते उगीच वाटणं नव्हे. चौकटीवर कर्सर आल्यावर चालणाऱ्या कोडात थांबा (ब्रेकपॉइंट) टाकला की डीबगरची, म्हणजे चूक शोधायच्या साधनाची, खिडकी पुढे येते आणि कर्सर चौकटीतून निघून जातो. मागे वळलात की तो पुन्हा येतो आणि तेच कोड पुन्हा चालतं. आपल्या पाहण्यानंच घटना बदलते. अशा वेळी मी थांबे काढून टाकतो, प्रोग्रॅमला एका फाइलीत वेळ आणि घडलेली गोष्ट लिहायला लावतो आणि घरी जातो. काकांच्या तिसऱ्या रकान्याहून ते फार वेगळं नाही, फक्त अक्षर इतकं सुबक नाही.

आता तक्रारी व्हॉट्सॲपवर येतात. स्क्रीनशॉट असतो, पण सुगरणीनं कडा कापाव्यात तसा नेटका कापलेला, फक्त एररचा चौकोन. खालच्या कोपऱ्यातलं घड्याळ हमखास गेलेलं. मी लिहितो, पूर्ण स्क्रीनचा पाठवा. लोकांना हा माझा विक्षिप्तपणा वाटतो. परवा एका हार्डवेअरच्या दुकानातून तक्रार आली: रोज सकाळी लॉगिन होत नाही, 'सुरक्षित जोडणी होऊ शकली नाही' म्हणतं, आणि दुकानातला पोरगा काहीतरी खटपट करतो मग दिवसभर चालतं, त्याच्या हाताला गुण आहे. पूर्ण स्क्रीन मागवला. कोपऱ्यात तारीख होती १ जानेवारी २००९. रात्री मेन स्विच बंद करून दुकान वाढवतात, मदरबोर्डवरचा सेल संपलेला, म्हणून दर सकाळी मशीनला २००९ साल लागतं आणि वेबसाइटची आजची सुरक्षा प्रमाणपत्रं त्याला अजून सुरू न झालेली वाटतात. पोरगा येऊन तारीख नीट करायचा. मी लिहिलं, सीआर २०३२ सेल आणून बसवा. दहा मिनिटांनी उत्तर आलं: "सेल आपल्याच दुकानात आहे सर, विकतो आम्ही."